रेव्हिटमध्ये फ्लॅट रूफला ढाळ कसा द्यायचा (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

रेव्हिटमध्ये (इमारतीचं 3D मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) फ्लॅट रूफ काढणं हे पाच मिनिटांचं काम आहे, डोकं खायला लागतं ते त्याला ढाळ द्यायला घेतला की. नवीन माणूस काय करतो, शेप एडिटिंगचं, म्हणजे छताचे पॉइंट वर-खाली करायचं बटण सापडलं की लगेच छताच्या मधोमध एक पॉइंट टाकतो, मायनस पन्नास टाइप करतो, छत खाली दबलेलं दिसतं आणि झालं काम असं वाटतं. दिसायला ते बरोबरच दिसतं. पण सेक्शन कापला की खालचा स्लॅबही वाकलेला असतो, नाहीतर दोन ड्रेनच्या मधे पाणी जागच्या जागी उभं राहील अशी सपाट पट्टी तयार झालेली असते. म्हणून इथे आधी थोडं कागदावरचं गणित सांगतो आणि मग सॉफ्टवेअर. उदाहरण रेव्हिटचं घेतलंय, शेवटी आर्किकॅड आणि स्केचअपबद्दलही थोडं आहे.

आधी कागद, मग माउस

रूफ प्लॅनचा प्रिंट घ्या किंवा नुसता चौकोन काढा आणि त्यावर ड्रेन कुठे येणार ते ठरवा. खाली पाइपला उतरायला जागा कुठे आहे, शाफ्ट कुठे आहे, बीम कुठे आडवा येतो, हे बघून ड्रेनची जागा ठरते, छताच्या मधोमध छान दिसतं म्हणून नाही. ड्रेन ठरले की प्रत्येक ड्रेनच्या वाट्याला छताचा किती भाग येतो ते रेघा मारून वाटून घ्या. दोन भागांच्या मधली रेघ म्हणजे तुमची रिज, म्हणजे उंच रेघ, आणि ज्या रेघांवरनं पाणी गोळा होऊन ड्रेनकडे येतं त्या व्हॅली.

आता ढाळ किती द्यायचा. हे तुमच्या प्रोजेक्टला जो कोड लागू आहे त्यावर आणि वॉटरप्रूफिंगच्या सिस्टिमवर ठरतं, पण अंदाज यावा म्हणून सांगतो, आयबीसीमध्ये (इंटरनॅशनल बिल्डिंग कोड, मुख्यतः अमेरिकेत वापरतात) बहुतेक मेम्ब्रेन रूफला, म्हणजे वर वॉटरप्रूफ पडदा असलेल्या छताला, कमीत कमी फुटाला पाव इंच ढाळ मागितलाय, म्हणजे साधारण 1:48, टक्क्यात 2 च्या किंचित वर. ब्रिटिश बीएस 6229 मध्ये पद्धत वेगळी आहे, तिथे डिझाइन 1:40 ने करा म्हणजे बांधून झाल्यावर हातात निदान 1:80 तरी राहील असा विचार आहे. हा विचार मला जास्त पटतो, कारण स्लॅब भाराने थोडा लवतो, काम करणाऱ्याचा हात थोडा इकडेतिकडे होतो आणि कागदावरच्या ढाळातला काही भाग तिथेच खर्च होतो. पाऊस थांबून 48 तास झाले तरी पाणी साचलेलंच असेल तर त्याला पाँडिंग धरतात, आणि पाँडिंग म्हणजे मेम्ब्रेनचं आयुष्य कमी.

खाली मी 1:80 धरून हिशोब दाखवलाय, तो फक्त आकडे सोपे पडतात म्हणून. तुम्ही तुमचा आकडा घाला.

व्हॅलीचा ढाळ बघा, पृष्ठभागाचा नाही

लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. समजा छत 12000 बाय 8000 मिमी आहे आणि दोन ड्रेन आहेत, म्हणजे प्रत्येक ड्रेनला 6000 बाय 8000 चा तुकडा आला आणि ड्रेन त्याच्या बरोबर मधे आहे. ड्रेनपासून एका बाजूची कड 3000 वर, दुसऱ्या बाजूची 4000 वर, आणि कोपरा? 3-4-5 चा त्रिकोण, कोपरा 5000 वर.

आता बहुतेक जण काय करतात, लांबची कड 4000 वर आहे, 1:80 ने 4000 भागिले 80 म्हणजे 50 मिमी, चला सगळी कड 50 ने उचला. छताचे चार त्रिकोण होतात, पाकिटाच्या मागच्या बाजूसारखे. 4000 वाल्या बाजूच्या त्रिकोणाचा ढाळ 1:80 येतो, 3000 वाल्याचा 1:60 येतो, दोन्ही ठीक. पण कोपऱ्यापासून ड्रेनपर्यंत जी व्हॅली आहे तिथे 50 मिमीची उंची 5000 मध्ये वाटली जाते, म्हणजे 1:100. आणि सगळं पाणी शेवटी त्याच रेघेवर येणार. तुम्हाला वाटतं आपण 1:80 दिलाय, पाण्याला मिळतो 1:100.

व्हॅली नेहमीच आजूबाजूच्या पृष्ठभागांपेक्षा चपटी असते, यातनं सुटका नाही. दोन्ही पृष्ठभाग 1:80 चे आणि व्हॅली 45 अंशात असेल तर ती 1:113 येते. म्हणून उलटीकडनं हिशोब करा, आधी सर्वात लांब व्हॅली मोजा, 5000 भागिले 80, म्हणजे 62.5 मिमी, आणि कड तेवढी उचला. मग पृष्ठभाग आपोआप 1:64 आणि 1:48 चे होतात. साडेबारा मिमी जास्त माल जातो, जाऊ दे.

थर लावणं आणि ते एक टिक

आता रेव्हिट उघडा. आर्किटेक्चर टॅबमधनं रूफ, त्यात 'रूफ बाय फूटप्रिंट'. रेघा मारायच्या आधी वर ऑप्शन्स बारमध्ये 'डिफाइन्स स्लोप'चं टिक काढून टाका. हे महत्त्वाचं आहे, कारण एका जरी कडेला स्लोप राहिला तरी नंतर शेप एडिटिंगची बटणं दिसतच नाहीत आणि मग माणूस अर्धा तास रिबनमध्ये शोधत बसतो. पॅरापेट, म्हणजे छताचा कठडा, असेल तर फूटप्रिंट पॅरापेटच्या आतल्या बाजूपर्यंत काढा.

इथे एक खोच आहे. फ्लोअरचा वरचा पृष्ठभाग लेव्हलवर बसतो आणि जाडी खाली जाते, रूफचं उलटं, रूफचा तळ लेव्हलवर बसतो आणि जाडी वर जाते. याचा फायदा घेता येतो. स्ट्रक्चरल स्लॅब वेगळा फ्लोअर म्हणून टेरेस लेव्हलला ठेवा आणि रूफमध्ये फक्त वरचे थर घ्या, म्हणजे ढाळाचा कोबा किंवा स्क्रीड, इन्सुलेशन, मेम्ब्रेन. दोन्ही एकमेकांवर बरोबर बसतात, काही ऑफसेट द्यावा लागत नाही. स्ट्रक्चरवाले त्यांच्या मॉडेलमध्ये स्लॅब काढणारच असतात, तोच परत रूफच्या थरात घेतला की क्वांटिटीत काँक्रीट दोनदा येतं.

रूफ निवडून 'एडिट टाइप', आणि पहिली गोष्ट 'डुप्लिकेट'. जेनेरिक टाइपमध्येच थर बदलले तर प्रोजेक्टमधली त्या टाइपची सगळी छतं बदलतील. नाव असं द्या की सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी फाइल उघडली तरी कळलं पाहिजे. मग 'स्ट्रक्चर'समोरचं 'एडिट' दाबा आणि वरून खाली थर लावा. मेम्ब्रेनला फंक्शन 'मेम्ब्रेन लेयर' दिलं तर त्याची जाडी शून्यच ठेवावी लागते, त्याला घाबरू नका. कोअर बाउंड्रीच्या (तक्त्यातल्या गाभ्याच्या दोन सीमारेघांच्या) आत निदान एक थर लागतो, तिथे स्क्रीड ठेवला तरी चालतो.

आता ते टिक. थरांच्या तक्त्यात 'व्हेरिएबल' नावाचा कॉलम आहे. ज्या थराची जाडी ढाळाप्रमाणे कमीजास्त व्हायची आहे, स्क्रीड किंवा उताराचं इन्सुलेशन, फक्त त्यालाच टिक करा. रेव्हिट एकाच थराला ही परवानगी देतं. हे टिक असेल तर तळ सपाट राहतो, तेवढा एक थर जाड-पातळ होतो आणि त्याच्या वरचे थर ढाळावर सारख्या जाडीने बसतात. टिक नसेल तर अख्खं छत, तळासकट, सारख्या जाडीने वाकतं. कधीकधी तेच हवं असतं, उदाहरणार्थ स्टीलची फ्रेमच उतारात बसवलेली असेल तेव्हा. पण सपाट स्लॅबवर स्क्रीडचा ढाळ असेल तर टिक लागणारच.

व्हेरिएबल थराची जाडी किती लिहायची यावर नवीन लोक नेहमी अडकतात. मी तिथे ड्रेनपाशी जी कमीत कमी जाडी हवी ती लिहितो, आपल्या उदाहरणात 30 मिमी धरू, आणि बाकी सगळे पॉइंट वर उचलतो. म्हणजे टाइप उघडला की किमान जाडी लगेच वाचता येते. उलटी पद्धतही आहे, थर 92.5 चा धरा, कड शून्यावर ठेवा आणि ड्रेन 62.5 ने खाली ढकला, उत्तर तेच येतं. पण 30 चा थर ठेवून ड्रेन 62.5 खाली ढकलायला गेलात तर थर उणे जाडीचा होतो आणि रेव्हिट एरर देऊन थांबतं. हा एरर आला की पॉइंट कुठेतरी थराच्या जाडीपेक्षा जास्त खाली गेलाय एवढंच समजायचं, फाइल खराब झालेली नाही.

पॉइंट आणि स्प्लिट लाइन

पॉइंट टाकायच्या आधी रेफरन्स प्लेन (पॉइंट नेमका बसावा म्हणून मदतीच्या रेघा) मारून घ्या. ड्रेनच्या मध्यावर दोन दिशांना आणि रिजवर एक. पॉइंट हाताने अंदाजे टाकला की तो 2987 वर पडतो आणि मग ढाळाचे आकडे विचित्र येतात.

रूफ निवडलं की मॉडिफाय टॅबमध्ये शेप एडिटिंगचं पॅनल दिसेल, त्यात मुख्य बटणं म्हणजे 'मॉडिफाय सब एलिमेंट्स', 'अ‍ॅड पॉइंट', 'अ‍ॅड स्प्लिट लाइन', 'पिक सपोर्ट्स' आणि 'रीसेट शेप'. पिक सपोर्ट्स सध्या विसरा.

आधी रिज. 'अ‍ॅड स्प्लिट लाइन' घ्या आणि 12000 च्या मधोमध, एका कडेपासनं समोरच्या कडेपर्यंत रेघ मारा. हे का करायचं ते सांगतो, रिज न मारता नुसते दोन ड्रेनचे पॉइंट टाकले तर रेव्हिट स्वतःच्या मनाने त्रिकोण पाडतं आणि त्यात बहुतेक वेळा दोन ड्रेनना जोडणारी एक घडी टाकतं. दोन्ही ड्रेन एकाच उंचीवर, म्हणजे ती घडी अगदी सपाट, आणि तिच्यात पाणी कुठल्याच ड्रेनकडे जायला राजी नाही. सुरुवातीला सांगितलेली ती पट्टी हीच. घड्या कुठे पडायच्या हे तुम्ही ठरवा, सॉफ्टवेअरवर सोडू नका.

मग ड्रेन. नुसता एक पॉइंट टाकला तरी ढाळ मिळतो, पण त्या टोकावर ड्रेनची फॅमिली (रेव्हिटमधला तयार घटक) बसवायला गेलात की ती चारपैकी कुठल्यातरी एका त्रिकोणावर तिरकी चिकटते. म्हणून मी ड्रेनभोवती 600 बाय 600 चा छोटा चौकोन स्प्लिट लाइनने मारतो, त्याचे चारही कोपरे शून्यावर ठेवतो आणि चौकोनाच्या कोपऱ्यांपासून तुकड्याच्या कोपऱ्यांपर्यंत व्हॅलीच्या चार रेघा मारतो. फॅमिली सपाट जागेवर नीट बसते. व्हॅलीची लांबी थोडी कमी होते, आपल्या उदाहरणात 5000 ची 4580 च्या आसपास, म्हणजे ढाळ 1:73 होतो, वाढतोच, बिघडत काही नाही. बाजूचे चारही तुकडे ट्रॅपेझॉइड होतात पण आतली आणि बाहेरची कड समांतर आणि दोन्ही आडव्या असल्यामुळे ते पिळलेले निघत नाहीत. त्रिकोण कधीच पिळत नाही, चार कोपऱ्यांचा तुकडा पिळू शकतो, एवढं ध्यानात ठेवून घड्या मारा.

आता उंच्या. 'मॉडिफाय सब एलिमेंट्स' दाबा, छताचे चार कोपरे आणि रिजची दोन टोकं, प्रत्येकावर क्लिक करा, बाजूला आकडा दिसेल, त्यावर क्लिक करून 62.5 टाइप करा, एंटर. पॉइंटऐवजी अख्खी कड निवडली तर तिची दोन्ही टोकं एकदम उचलली जातात. आकडा टाइप केल्यावर 63 दिसला तर प्रोजेक्ट युनिट्समधलं राउंडिंग आहे, आत 62.5 च आहे.

काहीतरी गोंधळ झालाच तर 'रीसेट शेप' सगळे पॉइंट आणि रेघा उडवून छत परत सपाट करतं. अर्धवट गुंतलेलं सोडवत बसण्यापेक्षा बऱ्याचदा हेच लवकर होतं.

ड्रेन भिंतीलगत असतील तर

वरचं उदाहरण सरळ होतं. प्रत्यक्षात पुष्कळदा ड्रेन एका पॅरापेटच्या कडेला ओळीत असतात आणि सगळं छत त्या बाजूला उतरतं. मग पॅरापेटलगत दोन ड्रेनच्या मधे परत तोच सपाट पट्टीचा प्रॉब्लेम. तिथे मधे उंचवटा करून पाणी दोन्हीकडे वळवायचं, याला सॅडल किंवा क्रिकेट म्हणतात.

करायचं असं: दोन ड्रेनच्या बरोबर मधे पॅरापेटच्या कडेवर एक पॉइंट, त्याच्या समोर छताच्या आत एक पॉइंट, आतल्या पॉइंटपासनं दोन्ही ड्रेनकडे स्प्लिट लाइन, आणि दोन पॉइंटना जोडणारी एक. आतला पॉइंट मुख्य ढाळाच्या पृष्ठभागावरच असला पाहिजे, म्हणजे त्याची उंची पॅरापेटपासूनचं अंतर भागिले 80. कडेवरचा पॉइंट निदान तेवढा तरी उंच हवा, बरेच जण सॅडलला मुख्य ढाळाच्या दुप्पट ढाळ धरतात.

पण व्हॅलीचं गणित इथे जास्त चावतं. ड्रेन 6000 अंतरावर आहेत आणि सॅडल फक्त 1500 आतपर्यंत नेलं समजा, तर आतल्या पॉइंटची उंची 18.75, व्हॅलीची लांबी 3354, ढाळ 1:179. म्हणजे नावाला सॅडल. तेच 3000 आत नेलं तर 1:113 मिळतो. प्लॅनमध्ये बारीक निमुळतं सॅडल दिसायला नाजूक असतं, कामाचं नसतं. तेही कमी वाटत असेल तर मुख्य ढाळच वाढवा नाहीतर एक ड्रेन वाढवा.

तपासणी

अ‍ॅनोटेट टॅबमध्ये 'स्पॉट स्लोप' आहे, ते प्रत्येक पृष्ठभागावर ठेवा. ढाळ 1:64 असा दिसायला हवा असेल तर त्याच्या टाइपमध्ये किंवा प्रोजेक्ट युनिट्समध्ये फॉरमॅट बदला. बाण ड्रेनच्या दिशेने उतरताना दाखवतोय ना ते बघून घ्या, साइटवर बाणाचा अर्थ 'पाणी इकडे जातं' असाच घेतला जातो. आणि हे विसरू नका की स्पॉट स्लोप पृष्ठभागाचा ढाळ सांगतं, व्हॅलीचा नाही. व्हॅलीसाठी दोन टोकांना 'स्पॉट एलिव्हेशन' लावा, फरक काढा, लांबीने भागा.

मग दोन सेक्शन, एक ड्रेनमधनं आणि एक रिजवरनं. डिटेल लेव्हल 'कोर्स' असेल तर थर दिसणारच नाहीत, मीडियम किंवा फाइन करा. तळ सपाट आहे ना, ड्रेनपाशी 30 आणि कडेला 92.5 आहे ना, आणि मुख्य म्हणजे कडेला जाडी वाढल्यावर पॅरापेट आणि टेरेसच्या दाराचा उंबरा पुरतो ना. मेम्ब्रेन भिंतीवर तयार पृष्ठभागाच्या वर साधारण 150 मिमी तरी चढवतात, दार सपाट स्लॅबच्या हिशोबाने ठेवलं असेल तर नेमकं इथेच अडतं. ओव्हरफ्लोचा आउटलेटही आत्ताच दाखवून घ्या, तो साधारणपणे मुख्य ड्रेनच्या 50 मिमी वर धरतात, कड 62.5 वर असल्याने तो कडेच्या पातळीखाली जातो, तेव्हा तिथे छतालाही स्थानिक खाच लागेल.

वजनाचं कोणी विचारत नाही पण विचारायला पाहिजे. ड्रेनपाशी शून्य आणि कडेला 62.5 अशा ढाळाची सरासरी उंची दोन तृतीयांश येते, म्हणजे 41.7 मिमी, अधिक तळाचे 30, झाले जवळपास 72. छत 96 चौरस मीटर, म्हणजे साधारण 6.9 घनमीटर स्क्रीड, घनमीटरला 2200 किलो धरलं तर 15 टन. मटेरिअल टेकऑफचं शेड्यूल (कुठलं मटेरिअल किती लागतं त्याचा तक्ता) काढून त्यातला व्हॉल्यूम या आकड्याच्या जवळपास येतो का बघा. ड्रेनभोवतीच्या चौकोनामुळे किंचित कमी येईल, ते ठीक, पण 2.9 घनमीटरच्या आसपास आला तर कड उचललीच गेली नाही असं समजा. आणि हा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला कळवा, त्याने सरसकट 50 मिमीचं फिनिश धरलेलं असू शकतं.

बाकीचं थोडक्यात

आर्किकॅडमध्ये स्लॅब टूल सपाटच राहतं, त्याला पॉइंट उचलून ढाळ देता येत नाही. तिथे मेश टूलने वरचा उताराचा थर करतात, पण मेशला कंपोझिट (अनेक थरांची रचना) लावता येत नाही, एकच बिल्डिंग मटेरिअल मिळतं, म्हणून खाली स्लॅब आणि वर मेश अशी जोडी ठेवावी लागते. एकाच दिशेचा साधा उतार असेल तर सिंगल प्लेन रूफ पुरतं. स्केचअपमध्ये पृष्ठभागावर व्हॅली आणि रिजच्या रेघा मारायच्या आणि मूव्ह टूलने कोपरे निळ्या अक्षावर उचलायचे, रेघा आधी मारल्या नसतील तर ते स्वतः घड्या पाडतं आणि परत तीच कटकट.

रेव्हिटवाल्यांसाठी एक राहिलं. ढाळ देऊन झाल्यावर फूटप्रिंटची बाउंड्री बदलायला गेलात तर काही पॉइंट हलतात, काही गायब होतात, आणि दरवेळी वॉर्निंग येईलच असं नाही. म्हणून बाहेरची कड आणि मोठी ओपनिंग नक्की झाल्याशिवाय पॉइंट टाकू नका, आणि नंतर बाउंड्री बदललीच तर सगळे स्पॉट स्लोप परत एकदा वाचून काढा. प्लॅनवर स्प्लिट लाइनच्या रेघा नको असतील तर व्हिजिबिलिटी ग्राफिक्समधनं बंद होतात, पण रूफ ड्रेनेज प्लॅनवर त्या राहू द्या, स्क्रीड घालणारा माणूस दोरी त्याच रेघांवर धरणार आहे.